फर्म गादी आणि शंका क्रमांक सतरा

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

बारक्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं 'शिर' तेवढं घ्यावं. साष्टांग सध्या होत नाही. आठपैकी पाच अंगं दुखतात आणि उरलेली तीन त्या पाचांना उचलण्यात गुंतलेली असतात.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? भावोजी अजून पहाटे चारला उठून दिवा न लावता खोलीभर चपला शोधतात का? तू मागे म्हणाली होतीस की त्या चपलांमुळे तुला गेल्या तीस वर्षांत सलग झोप म्हणून मिळाली नाही. त्यांना माझा नमस्कार सांग आणि चपला एका जागी ठेवायलाही सांग.

तीन महिन्यांपूर्वी तू मला एक साधा प्रश्न विचारला होतास. स्वस्तातली, कडक, मेमरी फोमची गादी घेण्यासारखी आहे का, ते वापरून एका ओळीत कळव, चांगली निघाली तर मीही घेते. एका ओळीत उत्तर द्यायचं मी रोज ठरवतो. रोज एक ओळ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या बरोबर उलटी ओळ लिहावीशी वाटते. म्हणून आता सगळंच लिहितो, त्यातून तुझी तू ओळ काढून घे. (माझं अक्षर लागत नसेल तर दोष पाठीचा आहे. पालथं पडून लिहितोय.)

सुरुवातच मुळात एका शब्दानं बिघडली. तू फोनवर म्हणालीस, 'फर्म घे, फर्म.' फोन स्पीकरवर होता आणि नाना पुढच्या खोलीत खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, कोणती फर्म. तुझ्या भाचीनं सांगितलं की आजोबा, फर्म म्हणजे कडक. नाना म्हणाले की फर्म म्हणजे पेढी, कडक म्हणायचं असेल तर कडक म्हणावं, आणि कडक पेढी आपण आयुष्यात एकच पाहिली, ती आपल्या छापखान्याची. मग मेमरी म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला. भाचीनं समजावलं की या गादीला माणसाच्या अंगाचा आकार लक्षात राहतो. नानांनी शांतपणे सांगितलं की मग आपल्या आतल्या जुन्या गादीला हे आधीपासूनच येतं. त्यावर तू फोन ठेवलास, म्हणजे कट झाला असं तू नंतर म्हणालीस.

तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण फोनवर हा विषय आला की आपण दोघंही हवापाण्याकडे वळतो. आईला जाऊन दोन वर्षं झाली. त्या पहाटे ती नेहमीसारखी उठली, पुढच्या खोलीत येऊन खुर्चीत बसली आणि तिथंच गेली. नाना आत झोपलेले होते. त्यांना कळलं नाही. त्या दिवसापासून नाना त्या खुर्चीत बसूनच झोपतात. आडवे होत नाहीत. विचारलं तर म्हणतात, इथं हवा चांगली येते. डॉक्टर म्हणाले की पाय सुजतायत ते यामुळेच, पाठीला बाक येतोय तोही यामुळेच, आणि आणखी काही महिने असंच चाललं तर त्यांना सरळ आडवं होणं जमणारच नाही. नानांना सपाट आणि जरा कडक जागेवर आडवं करा, मग औषधाचं बघू. म्हणजे ताई, तुझा प्रश्न गादीचा होता पण घरातला प्रश्न एवढाच होता की नाना आडवे होतील की नाही.

गादी आली ती एका उभ्या खोक्यात. पोचवणाऱ्या माणसानं ती एका हातानं उचलून दारात ठेवली आणि गेला. मी जेव्हा ती आत घ्यायला गेलो तेव्हा कंबरेतून एक बारीक आवाज आला. (तो आवाज अजून तिथंच आहे.) ती प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळलेली होती, आणि सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की आधी योग्य खोलीत न्यावी, मग कापावी. हे आम्ही कापल्यावर वाचलं. पुढच्या खोलीत ती फुस्स करून पसरायला लागली. आधी टेबल सरकलं, मग तुझ्या भावजयीची चपलांची मांडणी गेली, मग ती नानांच्या खुर्चीच्या पायांना जाऊन टेकली आणि थांबली. नानांनी पाय वर घेतले आणि विचारलं, 'ही अजून किती येणार आहे?' आम्ही म्हणालो, एवढीच. ते म्हणाले, 'मग तिला सांगा, मी उठणार नाही.'

आणि उठले नाहीत. आतल्या पलंगावरची जुनी गादी हलवायची नाही, फेकायची तर नाहीच, असा हुकूम झाला. तेव्हा नवी गादी आमच्या खोलीत गेली. शंभर दिवस वापरून पाहा, नाही आवडली तर परत घेऊन जाऊ, असं कंपनीचं वचन होतं. तू म्हणालीस, तुम्ही दोघं वापरा, तुम्हाला मजेत झोपलेलं बघून नानांना वाटेल. त्यांना काय वाटलं ते सांगतो. रोज सकाळी आम्ही दोघं भिंतीला धरून खोलीतून बाहेर यायचो आणि नाना खुर्चीतून आमच्याकडे दयेनं बघायचे.

आता गादीबद्दल जे न्यायाचं आहे ते सांगायला हवं. पहिला आठवडा तिला वास येतो. कसला ते सांगता येत नाही, नवीन बुटांच्या दुकानात रंग सांडल्यासारखा काहीसा. खिडक्या उघड्या ठेवल्या की आठ दिवसांत जातो. कडक म्हणशील तर आहे, अगदी दिल्या शब्दाला जागून आहे. वरचा बोटभर जाडीचा थर तेवढा मऊ, त्याच्याखाली सरळ फरशीच, असं तुझ्या भावजयीचं मत पडलं. माझं मत जरा सौम्य आहे. मी फरशीच्या जागी फळी म्हणेन. अंगाचा आकार ती घेते हे खरं, पण एकदा घेतला की सोडत नाही. कुशीवर वळायचं ठरवलं तर आधी तिला कळवावं लागतं, मग ती विचार करते, मग हळूहळू परवानगी देते. तोवर आपण जागे. उकाड्यात ती गरम होते आणि गारठ्यात आणखी कडक होते. (हे दोन्ही आम्हाला एकाच आठवड्यात अनुभवायला मिळालं, हवाच तशी होती.) काठावर बसून मोजे घालायला गेलं की काठ दबतो आणि माणूस मोज्यासकट खाली. पण पंधरा-वीस दिवसांनी मला एका सकाळी जाणवलं की मानेची जुनी कळ गेली आहे. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गेली नाही, माझ्याकडे आली आहे.

छापखान्यातही याचे परिणाम झाले. तुला माहीत आहे, आपल्या घरात 'गादी' या शब्दाला मान आहे. नाना चाळीस वर्षं छापखान्यात बैठ्या मेजामागे गादीवर बसून प्रुफं तपासायचे, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांची गादी मी चालवतो, असं सगळे म्हणतात. (माझ्या वेळेला खुर्ची आली. तीही मोडकी. पण म्हणतात गादीच.) तर झोप नीट न झाल्यामुळे एका संस्थेच्या अहवालात 'कार्यकारी मंडळ' या शब्दातला रफार माझ्या नजरेसमोर गळाला आणि 'कायकारी मंडळ' असं ठळक अक्षरात छापून गेलं. मंडळाचे लोक चिडले. बाकीच्यांनी ते तसंच असेल असं समजून पुढे वाचलं. छापखान्याच्या मालकांनी मला बोलावून विचारलं की तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, नवी गादी आहे. त्यांना वाटलं मी नोकरी बदलतोय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटकेची छटा आली ती मला अजून विसरता येत नाही.

असे पंचवीस दिवस गेले. आम्ही दोघं हरलो होतो. परत पाठवायचा अर्ज भरायचा म्हणून तुझ्या भाचीनं गादीबरोबर आलेला माहितीकागद शोधला, तर तो नानांच्या हातात. हातात लाल पेन्सिल. आपल्या लहानपणी लाल पेन्सिल निघाली की घर गप्प व्हायचं, आठवतं? तू सहावीत असताना तुझ्या निबंधातला अख्खा परिच्छेद त्यांनी खोडला होता आणि तू जेवली नाहीस, म्हणून रात्री त्याच परिच्छेदाखाली टिंबांची ओळ दिली होती. खोडलं ते चुकून, होतं तसंच राहू द्या, असा आमच्या धंद्यात त्या टिंबांचा अर्थ. मला वाटतं, नानांनी कुणाची माफी मागितल्याचं मी पाहिलेलं ते एकमेव उदाहरण.

तर तो कागद. तो कुणी मराठीत आणला कोण जाणे, पण आणताना वाटेत बराच सांडला होता. मेमरी फोमला त्यांनी 'स्मरणशक्तीचा फेस' केलं होतं. गादी 'आपल्या मणक्याला जाहीर पाठिंबा देते' असं होतं. नवराबायकोला 'भागीदार' म्हटलं होतं. (नाना म्हणाले, फर्म आहे म्हटल्यावर भागीदार असणारच.) भाषेच्या एकंदर त्रेचाळीस चुका नानांनी समासात काढल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून चहा मागितला. पण भाषा सुधारली तरी मजकूर खरा आहे की नाही हे उरतंच. नानांचा नियम तुला ठाऊक आहे. शंका आली की समासात प्रश्नचिन्ह करायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि कागद लेखकाकडे पाठवायचा. लेखकानं खुलासा केल्याशिवाय पान पास करायचं नाही. अशा तेवीस शंका निघाल्या. दहा मिनिटांत अंगाचा आकार घेते, कशावरून? काठापासून काठापर्यंत सारखा आधार देते, कुणी पाहिलं? सगळं पाकिटात घालून त्यांनी फर्मला पाठवलं.

मला वाटलं, संपलं. पण आठ दिवसांत फर्मचं उत्तर आलं. बिचाऱ्यांनी कागद परत पाठवून आभार मानले होते आणि शेवटी लिहिलं होतं की आपल्या सर्व शंकांचं निरसन प्रत्यक्ष वापरानं होईल, कृपया वापरून पाहावे. नानांनी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्याकडे बघून म्हणाले, 'लेखक म्हणतो, तपासा.' आणि लेखकानं सांगितल्यावर तपासणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या खोलीत गेले. मी कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तर दारात बायको तोंडावर बोट ठेवून उभी. आत नाना उताणे, सरळ, पाय लांब केलेले, चष्मा डोळ्यांवर, मनगटी घड्याळ काढून हातात धरलेलं, पेन्सिल छातीवर. गाढ झोपलेले. मी दारातच बसलो गं ताई. पाठीमुळे नाही. उठल्यावर त्यांनी नोंद केली ती मी पाहिली: 'शंका १. दहा मिनिटांनी घड्याळ पाहता आले नाही. पुन्हा तपासणे.'

शंका एक तपासायला अकरा दुपारी लागल्या. आमच्या घरात 'नाना झोपलेत' असं म्हणायची बंदी झाली. दाराशी कुणी आलं, तुझा फोन आला, तरी 'नाना तपासतायत' असंच सांगायचं. तूच एकदा विचारलंस ना, एवढं काय तपासतायत? तर हे. मग शंका सहाला अडचण आली, कारण कागदात 'सात ते आठ तासांच्या वापरानंतर' असं होतं, आणि सात ते आठ तास दुपारी बसेनात. नानांनी एक दिवस विचार केला आणि गादी आपल्या खोलीत हलवायला सांगितली. जुन्या गादीचं काय, हे विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी तेच म्हणाले, ती तुम्ही घ्या, पण वापरा, नुसती भिंतीला लावून ठेवू नका. तेव्हापासून आम्ही दोघं आईनानांच्या कापसाच्या गादीवर झोपतो. तिच्यात दोन खळगे आहेत. उजवीकडच्यात मी, डावीकडच्यात तुझी भावजय. तिची मान चार दिवसांत दुखायची राहिली. ती म्हणते, कुणीतरी आपल्या मापाची जागा करून ठेवली आहे असं वाटतं. मला तसं काही वाटत नाही, मला नुसती झोप लागते. (एवढ्यासाठी नव्या गादीबद्दल माझं मत आता धरू नकोस. मी साक्षीदार म्हणून बाद झालो आहे.)

दीड महिना असा गेला. नानांच्या पायांची सूज उतरली. ते चप्पल घालून खालच्या दुकानापर्यंत जाऊन आले आणि दुकानाच्या पाटीतली चूक दाखवून आले. डॉक्टरांनी पाठ बघून मला बाजूला घेऊन विचारलं की नेमकं कोणतं औषध चालू आहे. मी म्हणालो, शुद्धलेखन. एकेक शंका निकाली निघत होती आणि मी मनातल्या मनात उरलेल्या मोजत होतो, कारण तपासणी संपली की पुढे काय, हे मलाही माहीत नव्हतं. शंका सतरा मात्र त्यांनी वगळून ठेवली होती. तिच्यापुढच्या सगळ्या झाल्या, तरी ती होती तिथंच.

काल मी ती वाचली. कागदात गादीच्या गुणांच्या यादीत एक वाक्य आहे: 'एक भागीदार उठून गेला तरी दुसऱ्याला कळत नाही.' हलल्याचा धक्का पलीकडे पोचत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं आहे. नाना काल दुपारी त्या वाक्यापाशी बसून होते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कागद माझ्यापुढे केला आणि विचारलं, 'बारक्या, याला हे लोक गुण म्हणतात?' मी म्हणालो, चहा गार होतोय. त्यांनी ते वाक्य खोडलं. इतकं दाबून खोडलं की कागद फाटला. मग उठून पुढच्या खोलीत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी शंभर दिवस होतात, फर्मला कळवा, घेऊन जा म्हणावं. काल रात्र त्यांनी खुर्चीतच काढली. आज सकाळी त्यांचे पाय मी पाहिले नाहीत. पाहायचं टाळलं म्हण.

तर ताई, असं आहे. आज रविवार, मला सुट्टी आहे, आणि नाना माझ्यासमोर दोन हातांवर खुर्चीत बसलेत. परत पाठवायचा अर्ज टेबलावर आहे. त्यावर कारण लिहायला दोन बोटांची जागा दिली आहे. माझ्याकडे कारण आहे, पण ते दोन बोटांत मावत नाही. मी फार थकलो आहे गं. गादीनं नाही. मी बावन्न वर्षांचा झालो आणि अजून नानांशी एक सरळ वाक्य मला बोलता येत नाही. चहा गार होतोय, एवढंच येतं. उद्या मला पुन्हा कुणाचा तरी अहवाल तपासायचा आहे आणि त्यातलेही रफार गळणार आहेत. भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
बारक्या

ता. क. वर जे गादीचं कौतुक आणि निंदा केली आहे ती सोडून दे, पत्र लिहायचं कारण हे आहे. तू नानांना एक पत्र लिही. फोन नको, पत्रच. त्यात गादीबद्दल शंका विचार. गुडघ्याला चालेल का, डाव्या कुशीला कशी आहे, उशी केवढी लागेल. सगळ्या एकदम विचारू नकोस, एका पत्रात एक. आणि शुद्ध लिहू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ मोकळे सोड, रफार गाळ, अनुस्वार कुठेही टाक. तुला जड जाईल हे मला माहीत आहे, तुझा निबंध पहिला यायचा. पण चुका दिसल्या की ते पेन्सिल घेतील, आणि शंका दिसली की तपासतील, आणि तपासायचं म्हणजे त्यांना आडवं व्हावं लागेल. शनिवारच्या आत पत्र पोचायला हवं. सतरावीबद्दल काही विचारू नकोस.

ता. क. २. या घरातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र नाना वाचून देतात, अगदी वीज खात्याला लिहिलेलं सुद्धा. हे त्यांना दाखवलेलं नाही, तेव्हा चुका सांभाळून घे. आत्तापर्यंत समोर होते, आता उठून आत गेलेत, पाणी प्यायला असतील. डिंकाची बाटली कोरडी पडली आहे. पाकीट तसंच टेबलावर ठेवून कोपऱ्यावरून डिंक घेऊन येतो आणि आजच पेटीत टाकतो.

ता. क. ३. (लाल पेन्सिलीने)

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद. बारक्या डिंक आणायला गेला तेवढ्यात पत्र वाचले. एकोणीस चुका आहेत, समासात दाखवल्या आहेत. पैकी महत्त्वाची एक. 'नाना तपासतायत' असे जेथे आहे तेथे 'झोपलेत' पाहिजे. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. घरच्यांना नसावे असे वाटले होते.

तू चुका करून लिहू नकोस, मुद्दाम केलेली चूक मला ओळखू येते. शंका मात्र विचार. डाव्या कुशीला गादी चांगली आहे.

सतराव्या शंकेचे वाक्य काल मी खोडले. आत्ता आत जाऊन त्याच्याखाली टिंबे दिली. तुझी आई पंचावन्न वर्षे रोज पहाटे माझी झोप मोडू नये अशाच बेताने उठत असे. मला एकदाही कळले नाही. ती कापसाची गादी होती, म्हणजे ते श्रेय गादीचे नव्हे, तिचे. वाक्य चुकीचे नाही. एकट्या माणसाला ते तपासता येत नाही, इतकेच. फर्मला तसे कळवत आहे, आणि अर्ज फाडला आहे.

तू एका ओळीत उत्तर मागितले होतेस. गादी घ्यावी.

सतरावी शंका तू आणि जावई मिळून तपासा आणि कळवा. जावयांनी चपला आधीच शोधून ठेवाव्यात.

— नाना